डुग्गूची खाज आणि न लागणारं विरजण

रात्री दोनच्या सुमारास कूलरच्या घरघरीतूनही तो आवाज येतो. चप, चप, चप. डुग्गू पंजे चाटतोय. चार वर्षांचा पिवळा लॅब्रेडॉर, पण पुढच्या पंजांच्या बोटांमधले केस आता विटकरी झालेत. तो डाग मातीचा नाही. लाळेतल्या रंगद्रव्यामुळे फिके केस असे तांबूस होतात, आणि तेवढ्यावरून आमच्या पशुवैद्यांनी अर्धं निदान केलं. उरलेलं कान हुंगून. कानाला कुबट, आंबूस वास, म्हणजे आत यीस्ट माजलेलं.

‘ॲलर्जी’ हा शब्द मात्र त्यांनी लगेच काढला नाही. आधी बारीक कंगव्याने पिसवा शोधल्या, गोचीड पाहिले, कातडी खरवडून लूत आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. हे सगळं नाही म्हटल्यावर मग ॲटॉपिक डर्माटायटिस, म्हणजे ॲलर्जीने होणारा कातडीचा दाह. साधारण 10 ते 15 टक्के कुत्र्यांना हा त्रास असतो असं मानतात. बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होतो आणि पंजे, कान, काखा, जांघा या जागा धरतो. लॅब्रेडॉर त्यात पुढे.

धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव), परागकण, बुरशी ही नेहमीची कारणं. माइटना दमटपणा लागतो. मे महिन्यात 45 अंशांत नागपूरची हवा इतकी कोरडी असते की त्यांनी गाव सोडून जायला हवं. पण आपण वाळ्याच्या ताट्या भिजवून रात्रंदिवस कूलर चालवतो आणि त्यांच्यासाठी घरात पावसाळा करून ठेवतो.

आता पोटाकडे येते. खाज कातडीला आणि उपचार आतड्यावर, हे मलाही आधी विचित्रच वाटलं होतं. पण शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा हिस्सा आतड्याच्या भिंतीत मुक्कामाला असतो. आपलं काय, परकं काय, कशावर तुटून पडायचं आणि कशाकडे कानाडोळा करायचा, याचं बरंचसं शिक्षण तिथे होतं. शिकवणाऱ्यांत आतड्यातले जिवाणू असतात. न पचलेला तंतुमय भाग आंबवून ते ब्युटिरेटसारखी छोटी मेदाम्लं तयार करतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं खाद्य, आणि नियामक टी पेशी तयार व्हायलाही ते मदत करतं. ‘जाऊ दे, हे खपवून घे’ असं बाकीच्या पेशींना सांगणाऱ्या या पेशी. त्यांच्या शोधासाठीच 2025 चं वैद्यकातलं नोबेल मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं.

या पेशींचा धाक कमी पडला की धुळीच्या कणावरूनही रण माजतं. आयजीई नावाची ॲलर्जीची प्रतिपिंडं बनतात, मास्ट नावाच्या पेशी हिस्टामिन हे खाज आणि सूज आणणारं रसायन ओततात. कुत्र्यांत त्याहून खट्याळ आहे इंटरल्यूकिन-31 हा निरोप्या. तो खाजेचा निरोप थेट मज्जातंतूंना देतो. लोकिव्हेटमॅब नावाचं महागडं इंजेक्शन याच निरोप्याला वाटेत पकडतं. खाज थांबते, पण महिनाभराने पुन्हा इंजेक्शन. म्हणूनच मुळाशी जाता येईल का, म्हणजे जिवाणूंची वस्तीच सुधारता येईल का, हा प्रश्न संशोधकांना पडला.

फिनलंडच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं की शहरी कुत्र्यांत ॲलर्जीची लक्षणं खेड्यातल्या कुत्र्यांपेक्षा जास्त दिसतात. त्यातही गंमत अशी की मालकाला ॲलर्जी असेल तर कुत्र्यालाही ती असण्याची शक्यता जास्त होती. मला वर्षभर शिंका येतात. हे वाचल्यापासून मी डुग्गूकडे जरा वेगळ्या नजरेने बघते.

या सगळ्याची बातमी दुकानांपर्यंत फार लवकर पोचते. ‘पोट सुधारा, खाज पळवा’ छापलेला प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवाणूंच्या पावडरचा डबा मीही आणला. दीड महिना दिला. शी अगदी बांधीव व्हायला लागली. खाज होती तिथेच.

‘ताई, विरजण कशात लावता?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘कोमट दुधात.’

‘आधी तापवलेल्या ना? मग तिथे दुसरं कोणी फारसं उरलेलं नसतं. विरजण पसरतं. डुग्गूचं आतडं म्हणजे तापवलेलं दूध नाही. तिथे आधीच खच्चून वस्ती आहे. तुमचे पावडरमधले जिवाणू येतात, चार दिवस राहतात, डबा संपला की निघून जातात.’

जाता जाता ते काहीच करत नाहीत असं नाही. अमेरिकेत ॲलर्जिक आईबापांच्या बीगल पिल्लांना लहानपणीच लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस हा जिवाणू देऊन पाहिलं, तेव्हा ॲलर्जीची रक्तातली काही चिन्हं कमी दिसली. कोरिया आणि जपानमध्ये लॅक्टोबॅसिलसच्या इतर जातींनी मोठ्या कुत्र्यांची लक्षणं किंवा औषधाची गरज थोडी उतरल्याचं आढळलं. पण हे ‘थोडी’ डब्यावर छापलेलं नसतं. शिवाय एका जातीचा गुण दुसरीत असेलच असं नाही, आणि माझ्या डब्यावर तर नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलं होतं. म्हणजे पत्ता विचारला तर ‘नागपूर’ सांगण्यासारखं.

चार पाहुणे पाठवण्यापेक्षा अख्खी वस्तीच हलवली तर? निरोगी कुत्र्याची शी घेऊन तिच्यातले जिवाणू आजारी कुत्र्याच्या आतड्यात सोडायचे. नाक मुरडू नका, गाईम्हशींच्या वैद्यकात ही युक्ती जुनीच आहे. रवंथ बंद पडलेल्या जनावराला निरोगी जनावराच्या पोटातला रस पाजतात. माणसांत अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉ. बेन आइझमन यांनी 1958 मध्ये आतड्याच्या जीवघेण्या दाहासाठी हा प्रयोग केला, आणि 2013 च्या डच चाचणीनंतर तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूमुळे वारंवार होणाऱ्या जुलाबांवर तो रीतसर उपचारच झाला. कुत्र्यांत पार्व्हो विषाणूची लागण झालेल्या पिल्लांचे जुलाब त्याने लवकर थांबल्याचं ब्राझीलच्या संशोधकांनी नोंदवलं.

खाजेसाठी जपानमध्ये डझनभर ॲटॉपिक कुत्र्यांना एकदाच तोंडावाटे हे दिलं गेलं. आठ आठवड्यांत खाज आणि कातडीचे व्रण दोन्ही कमी झाले. वाचून मी हरखले होते. डॉक्टर नाही हरखले. कुत्री मोजकी, आणि खोटं औषध दिलेला गट तुलनेला नाही. ॲटॉपीची खाज ऋतूप्रमाणे आपणहूनही चढते-उतरते. दोन महिन्यांत बरं वाटलं, ते शीमुळे की हवा पालटल्यामुळे, हे सांगणार कोण?

हे घरी करायचं काम तर अजिबात नाही. देणाऱ्या कुत्र्याने अलीकडे अँटिबायोटिक घेतलेलं नको, त्याचं वजन नीट हवं, जंत, जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी, औषधांना न जुमानणारे जिवाणू, सगळं तपासावं लागतं. डुग्गू फिरायला गेला की रस्त्यावरचं शेण मिटक्या मारत खातो, ते या उपचारात धरत नाहीत.

एक गोष्ट मात्र आजच्या आज आपल्या हातात आहे. कुत्र्याला जरा पातळ झालं की उरलेली मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकची गोळी द्यायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. निरोगी कुत्र्यांना हे औषध दोन आठवडे देऊन पाहिलं, तेव्हा बंद केल्यावर चार आठवड्यांनीही फ्यूझोबॅक्टेरिया गटातले जिवाणू पूर्ववत झाले नव्हते. कुत्र्याच्या आतड्यात हे जिवाणू निरोगीपणीही भरपूर असतात. डुग्गूला मी अशा गोळ्या किती वेळा दिल्या, ते मोजायला बसले आणि मध्येच सोडून दिलं.

शेवटी डॉक्टरांनी पावडर बंद करवली आणि आधी आहार तपासायचं ठरलं. कुत्र्यांच्या अन्न-ॲलर्जीत बीफ, दूध, चिकन आणि गहू हे चार नेहमीचे संशयित. म्हणजे आपली दूध-पोळी आणि चिकन-भात दोन्ही बाद. आठ आठवडे फक्त मटण आणि रताळं, दुसरा कणही नाही. त्यांनी आणखी एक अट घातली, एका वेळी एकच बदल. पावडर, नवा शाम्पू, नवं खाणं सगळं एकदम सुरू केलं तर गुण कशाचा आला ते कळत नाही. रोज रात्री खाजेला 0 ते 10 पैकी आकडा देऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा.

पहिल्या आठवड्यात 8 होता. पाचव्या आठवड्यात 4. शनिवारी दुपारी मी बाहेर गेले असताना खालच्या आजींनी डुग्गूला वाटीभर दहीभात घातला. ‘एवढ्या उन्हात पोटाला थंड असते बाई ते,’ त्या म्हणाल्या, ‘तूच तर म्हणत होती ना, दह्यात चांगले जंतू असतात म्हणून.’

सोमवारी आकडा 7. मी चिडून फोन केला, आता सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार म्हणून. डॉक्टर उलट खूश. त्यांनी डुग्गूच्या फाइलमध्ये ‘दूध’ असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.