आबाळ मुलाची, ठपका आईवर

मुलाची आबाळ ‘होते’. हेळसांड कुणीतरी ‘करतं’. मराठी बोलताना हा फरक आपण आपसूक पाळतो. अमेरिकेतल्या कौटुंबिक न्यायालयांत चालणाऱ्या ‘निग्लेक्ट’च्या प्रकरणांत मात्र ही दोन्ही ओझी एकाच शब्दावर आहेत. बाप आईला मारतो. मूल ते पाहतं, नाहीतर भिंतीपलीकडून ऐकतं. त्याची झोप उडते, अभ्यासातलं लक्ष उडतं. आबाळ झाली यात वाद नाही. पण ती केली कोणी? १९९०च्या दशकात न्यूयॉर्क शहरात या प्रश्नाचं सर्रास दिलं जाणारं उत्तर होतं, मार खाणाऱ्या आईने. हे उत्तर कायद्याला धरून नाही, हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घ्यायला २००४ साल उजाडलं. (त्या न्यायालयाचं नाव ‘कोर्ट ऑफ अपील्स’. न्यूयॉर्कमध्ये ‘सुप्रीम कोर्ट’ हे खालचं न्यायालय आहे. हा तिथला जुना घोळ.)

या विषयाचा इतिहास बहुतेक जण १८७४पासून सांगतात, आणि ते बरोबरच आहे. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये मेरी एलन नावाच्या दहाएक वर्षांच्या मुलीला न्यायालयात आणलं गेलं. तिच्या चेहऱ्यावर कात्रीची जखम होती. गोरगरिबांच्या वस्तीत चर्चचं काम करणाऱ्या एटा व्हीलर यांना तिची हकिगत कळली होती. बरीच दारं ठोठावून झाल्यावर त्या हेन्री बर्ग यांच्याकडे गेल्या. बर्ग यांनी १८६६मध्ये प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध संस्था काढली होती. मुलीला ‘प्राणी’ ठरवून सोडवलं, अशी एक दंतकथा अजून फिरते. तसं काही झालं नाही. बर्ग यांचे वकील एल्ब्रिज गेरी यांनी माणसांसाठीच असलेला कायदेशीर मार्ग वापरला. सांभाळणाऱ्या बाईला एक वर्षाची शिक्षा झाली आणि त्याच वर्षाअखेर मुलांवरील क्रूरतेला आळा घालणारी न्यूयॉर्कची संस्था उभी राहिली. अशा प्रकारची ती जगातली पहिली संस्था मानली जाते.

पण १८७४मध्येच नॉर्थ कॅरोलिनाच्या सर्वोच्च न्यायालयाने बायकोला मारणाऱ्या एका नवऱ्याच्या खटल्यात निकाल दिला, तो सहसा या गोष्टीशी जोडला जात नाही. नवऱ्याला बायकोला मारण्याचा हक्क नाही, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. पुढच्याच दमात असंही म्हटलं, की कायमची इजा, क्रूरता किंवा जिवावर बेतणारी मारहाण नसेल तर पडदा ओढून घ्यावा, लोकांच्या नजरा बाहेर ठेवाव्यात आणि दोघांना विसरू द्यावं, माफ करू द्यावं. मुलासाठी दार उघडलं ते वर्ष आणि बायकोसाठी पडदा ओढला ते वर्ष एकच. पुढची सव्वाशे वर्षं या दोन वाटा वेगवेगळ्या चालल्या. माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

बायकांनी त्यातूनही वाट काढली. बॉस्टनमधल्या अशाच बालसंरक्षण संस्थेच्या जुन्या नोंदींत कितीतरी बायका स्वतःच्या पायांनी तक्रार घेऊन आलेल्या दिसतात. ‘नवरा मला मारतो’ म्हटलं तर ऐकणारं कार्यालय नव्हतं. ‘पोरांचे हाल होतात’ म्हटलं तर होतं. म्हणून नवऱ्याचं गाऱ्हाणं मुलांच्या नावावर घातलं जायचं. शंभर वर्षांनी हाच डाव बायकांवर उलटला.

मधली वर्षं भरभर ओलांडू. १९६२मध्ये दोन गोष्टी घडल्या. कोलोरॅडोतले बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केम्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार खाल्लेल्या मुलांच्या लक्षणांवर लेख प्रसिद्ध केला. जुनी, अर्धवट जुळलेली हाडं एक्स-रेमध्ये दिसतात आणि आईबापांनी सांगितलेली ‘पडला’ ही कथा त्यांच्याशी जुळत नाही, असा त्याचा गाभा. पुढच्या पाचेक वर्षांत सगळ्या राज्यांत डॉक्टरांना अशी प्रकरणं कळवणं बंधनकारक करणारे कायदे झाले. दुसरी गोष्ट, न्यूयॉर्कचं कौटुंबिक न्यायालय सुरू झालं. नवऱ्याने केलेली मारहाण फौजदारी न्यायालयातून काढून याच न्यायालयाकडे सोपवली गेली. हेतू संसार सांधण्याचा. सांधण्याच्या नावाखाली पोलीस हात झटकत आणि न्यायालयातले कारकून बायकांना दारातूनच परत पाठवत, अशी तक्रार घेऊन १९७६मध्ये बायकांनीच दावा लावला. १९७७मध्ये कोणत्या न्यायालयात जायचं ते बाईने ठरवावं अशी सोय झाली, आणि १९९४च्या कायद्याने अशा गुन्ह्यांत पोलिसांना अटक करणं भाग पाडलं.

मुलांची वाट दुसऱ्याच कलमांतून गेली. न्यूयॉर्कच्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचा दहावा भाग १९७०मध्ये आला. त्यात मुलाची हेळसांड झाली असं म्हणायला दोन गोष्टी लागतात. मुलाच्या शरीराला, मनाला किंवा भावविश्वाला बाधा पोचलेली असली पाहिजे, किंवा तसा धोका अगदी तोंडावर असला पाहिजे. आणि ते पालकाने किमान काळजीही न घेतल्यामुळे झालेलं असलं पाहिजे. म्हणजे आधी आबाळ, मग हेळसांड आणि मध्ये कार्यकारणाचा पूल. मसुदा करणाऱ्यांनी फरक नेमका ओळखला होता. पूल विसरला तो वापरणाऱ्यांनी. हा खटला फौजदारी नाही. तुरुंग नाही, दंड नाही. म्हणून पुराव्याची पट्टीही खालची, जास्त शक्य काय वाटतं एवढीच. पणाला लागलेलं असतं मूल. १९७२मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ऐपत नसलेल्या पालकाला या प्रकरणांत सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे, असं ठरवलं ते त्यामुळेच.

मग संशोधन आलं. घरातली हिंसा नुसती पाहणाऱ्या मुलांवरही परिणाम होतो, हे १९८०-९०च्या दशकांत मानसशास्त्रज्ञांनी दाखवायला सुरुवात केली. ते खरंच होतं आणि ते सांगणारे लोक मार खाणाऱ्या बायकांच्या बाजूचे होते. पण कार्यालयात पोचेपर्यंत वाक्याचा अर्थ बदलला. ‘हिंसा पाहणं मुलाला घातक आहे’ याचं ‘आईने मुलाला हिंसा पाहू दिली’ असं झालं. त्या ‘पाहू दिली’त सगळं आलं. त्याला तिथल्या भाषेत संरक्षणात कसूर म्हणत. मारणारा बाजूला राहिला. न थांबवणारी पुढे आली.

त्यात नोव्हेंबर १९९५मध्ये न्यूयॉर्कमध्ये सहा वर्षांची एक मुलगी आईच्या मारहाणीत मरण पावली. आधी तक्रारी येऊनही यंत्रणा तिला वाचवू शकली नव्हती. शहर हादरलं. १९९६च्या सुरुवातीला महापौर रुडी जुलियानी यांनी बालसेवांसाठी थेट आपल्या अखत्यारीतलं वेगळं प्रशासन काढलं. निकोलस स्कोपेटा त्याचे पहिले आयुक्त. नव्या खात्याने वर्षअखेरीस धोरण जाहीर केलं: मुलाच्या सुरक्षिततेबद्दल थोडीही शंका असेल तर निर्णय मूल घरातून काढण्याच्या बाजूने घ्यायचा. केसवर्करच्या, म्हणजे घरी जाऊन प्रकरण तपासणाऱ्या खात्याच्या माणसाच्या, जागी स्वतःला ठेवून पाहिलं तर हे धोरण समजतं. मूल घरी ठेवलं आणि काही झालं, तर दुसऱ्या दिवशी पेपरात नाव. मूल उगाच काढलं तर बातमी होत नाही.

मिनेसोटाने १९९९मध्ये तर हा तर्क कायद्यातच लिहून टाकला. घरातली हिंसा मुलाच्या नजरेस पडणं हीच हेळसांड, अशी व्याख्या केली. तक्रारींचा लोंढा आला, जिल्ह्यांकडे माणसं नव्हती, पैसे नव्हते. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने पाऊल मागे घेतलं. इतक्या लवकर चूक कबूल करणारी विधिमंडळं विरळा.

न्यूयॉर्कमध्ये न्यायालयात जावं लागलं. त्या खटल्याचं नाव निकोल्सन वि. स्कोपेटा. सुरुवात जानेवारी १९९९मधल्या एका दुपारची. निकोल्सन ही ब्रुकलिनमध्ये राहणारी, नोकरी करणारी, दोन मुलांची आई. धाकट्या मुलीचा बाप दुसऱ्या राज्यात राहायचा, अधूनमधून यायचा. आता हे संबंध पुरे, असं तिने त्याला सांगितलं. आधी त्याने कधी हात उचलला नव्हता. त्या दिवशी तिचा हात मोडला, बरगड्या मोडल्या, डोक्यातून रक्त आलं. मुलगी पलीकडच्या खोलीत पाळण्यात होती, मुलगा शाळेत. मारणारा निघून गेल्यावर तिने आधी ९११ फिरवला. मग ॲम्ब्युलन्स यायच्या आत शेजारणीला बोलावून दोन्ही मुलांची सोय लावली. किमान काळजी म्हणजे काय, हे कुणी विचारलं तर ही चार-सहा मिनिटं दाखवावीत.

त्याच रात्री मुलं उचलली गेली. दुसऱ्या दिवशी इस्पितळात तिला कळलं. न्यायालयात अर्ज दाखल व्हायला पाच दिवस लागले आणि त्यात तिच्यावरचा आरोप होता, ‘घरगुती हिंसाचारात सहभाग’. ज्याने मारलं आणि जिला लागलं, दोघे एका क्रियापदाचे कर्ते. एकवीस दिवसांनी मुलं परत आली. मुलीच्या अंगावर पुरळ होतं, मुलाचा डोळा सुजलेला.

एप्रिल २०००मध्ये तिने संघराज्याच्या न्यायालयात दावा लावला. तशाच इतर आयाही निघाल्या, आणि जानेवारी २००१मध्ये तो समूहाच्या वतीने चालवायला परवानगी मिळाली. न्यायाधीश जॅक वाईनस्टाईन यांच्यापुढे २४ दिवस सुनावणी चालली, ४४ साक्षीदार झाले. त्यातली एक साक्ष वाचून अंगावर काटा येतो. खात्यातल्या एकाने सांगितलं, की मुलं काढल्यावर न्यायालयात जायला थोडे दिवस लावणं नेहमीचंच. कारण मुलं काही दिवस परक्या घरी राहिली की आई खात्याच्या अटी मान्य करते, न्यायालयापर्यंत जावंच लागत नाही. सांगणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलेलं दिसत नाही. कामाची पद्धत सांगावी तसं सांगितलं. एका मानसशास्त्रज्ञाने साक्ष दिली, की आईपासून तुटणं हीच ज्या मुलाची सगळ्यात मोठी भीती, त्याला संरक्षणाच्या नावाखाली आईपासून तोडणं म्हणजे उघड्या जखमेवर मीठ टाकणं.

आयांचे वकील काय करत होते? सरकारी यादीतल्या या वकिलांचा दर न्यायालयाबाहेरच्या कामाला तासाला २५ डॉलर, न्यायालयातल्या कामाला ४०. तो १९८६पासून बदललाच नव्हता. त्यात कागद वाचायलाही वेळ मिळायचा नाही. वाईनस्टाईन यांनी हे दरही घटनेच्या कसोटीवर तपासले आणि वाढवायला सांगितलं. विधिमंडळाने ते वाढवले ते २००४पासून.

अनेक वर्णनांत खात्याचा दुष्टपणा दिसतो. मला सोय दिसते. मारणारा पळालेला असतो, त्याचा पत्ता नसतो, नोटीस बजावता येत नाही. आई सापडते. तिला मुलं हवी असतात, म्हणून ती प्रत्येक तारखेला येते, सांगितलेल्या प्रत्येक वर्गाला बसते. यंत्रणा ज्याच्यावर चालते त्याच्यावरच चालवली जाते.

वाईनस्टाईन यांनी डिसेंबर २००१मध्ये निष्कर्ष मांडले आणि २००२च्या सुरुवातीला मनाईचा आदेश काढला. शहर अपिलात गेलं. वरच्या संघीय न्यायालयाने ठरवलं, की आधी न्यूयॉर्कचा कायदाच काय म्हणतो ते न्यूयॉर्कने सांगावं. म्हणून प्रश्न राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे आले. २६ ऑक्टोबर २००४ रोजी मुख्य न्यायाधीश ज्युडिथ के यांनी एकमताचा निकाल लिहिला. मुलाने हिंसा पाहिली, एवढ्यावरून मार खाणाऱ्या आईने हेळसांड केली असं ठरत नाही. मुलाला बाधा पोचली का, आणि ती आईच्या कसुरीमुळे का, हे दोन्ही दाखवा. हिंसा किती तीव्र, किती वेळा, तिच्यापुढे पर्याय कोणते, ते पाहा. सोडून गेली तर काय धोका, राहिली तर काय, सरकारकडे गेली तर काय, मारणाऱ्यावर खटला भरला तर काय, घर बदललं तर काय, हेही मोजा. मूल काढायचं ठरवताना काढण्याने होणारी इजाही तराजूत घाला. आदेशाविना मूल उचलण्याची मुभा फक्त न्यायालय गाठण्याइतकाही वेळ नसेल तेव्हा. डिसेंबर २००४मध्ये तडजोड होऊन खटला मिटला.

१९७०च्या व्याख्येत जे होतं तेच हे. नवं काहीच नाही, आणि तेवढ्यासाठी साडेचार वर्षं गेली.

न्यायालयाबाहेरची एक वही मात्र बरीच वर्षं तशीच होती. मुलांचा छळ आणि हेळसांड यांच्या तक्रारींच्या राज्याच्या केंद्रीय नोंदवहीत ‘तथ्य आढळलं’ असा शेरा पडायला ‘थोडाफार विश्वासार्ह पुरावा’ पुरायचा, आणि ती नोंद सगळ्यात धाकटं मूल २८ वर्षांचं होईपर्यंत राहते. पाळणाघरात, मुलांच्या देखभालीच्या कामात नोकरी मागायला गेलेल्या बाईला ती आडवी येते. ही पट्टी वर नेणारा कायदा २०२०मध्ये झाला, २०२२पासून लागू आहे.

खात्यानेही धडा घेतला, पण आपल्या पद्धतीने. अर्ज आता बापावर दाखल व्हायला लागले. आई आरोपी नाही. मूल तिच्याकडेच ‘सोडलं’ जायचं, खात्याच्या देखरेखीखाली. म्हणजे केसवर्कर सांगून येणार, न सांगताही येणार, फ्रिज उघडून पाहणार, मुलाचे कपडे वर करून वळ आहेत का बघणार. आरोप बापावर, तपासणी आईच्या घराची. एका तान्ह्या मुलीच्या आईने याला आव्हान दिलं. २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या अपिलीय न्यायालयाच्या (हे ‘कोर्ट ऑफ अपील्स’च्या एक पायरी खालचं) दुसऱ्या विभागाने ठरवलं, की जिच्यावर आरोपच नाही आणि जिच्याकडे मूल आधीपासून आहे, तिच्या घरावर अशी देखरेख लादण्याचा अधिकार कौटुंबिक न्यायालयाला कायद्याने दिलेलाच नाही.