गुडघ्याचा भार आणि पावलाचा कोन

"मना गुडघा दुखस," असं सांगणाऱ्याला नेमकी जागा बोटाने दाखवायला सांगा. झिजेचं दुखणं असेल तर बोट बऱ्याचदा गुडघ्याच्या आतल्या अंगाला, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याच्या बाजूला टेकतं. याला कारण आहे.

चालताना एकच पाय टेकलेला असतो तेव्हा शरीराचा भार त्या पायाच्या आतल्या बाजूला असतो. त्यामुळे जमिनीकडून वर येणाऱ्या बलाची रेषा गुडघ्याच्या मधोमध न जाता आतून जाते आणि सुमारे 60 ते 70 टक्के भार आतल्या कप्प्यावर, म्हणजे सांध्याच्या आतल्या अर्ध्या भागावर पडतो. बैलगाडीत कापसाची गाठोडी एकाच अंगाला रचली की त्या अंगाचं चाक जास्त दबतं, तसंच हे. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतील तर ही रेषा गुडघ्यापासून आणखी लांब सरकते.

हा भार बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यातच सेन्सर बसवून मोजला. सपाटीवर चालताना तो शरीराच्या वजनाच्या अडीच पटीच्या आसपास भरतो, जिना उतरताना साडेतीन पटीपर्यंत जातो. म्हणजे 60 किलोच्या माणसाच्या गुडघ्यावर पावलागणिक 150 किलो. रावेर-यावलकडे केळीचा घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत जाणाऱ्याचा हिशेब याच्याही वर जातो, कारण ओझं तोलणाऱ्या स्नायूंची ओढही सांध्यालाच दाबते. वजन उतरलं की हाच हिशेब उलटा फिरतो. संशोधक स्टीफन मेसियर यांच्या गटाने 2005 साली दाखवलं, की जाड माणसाचं वजन एक किलोने घटलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने घटतो.

पण चालच बदलली तर? स्कॉट उलरिच आणि सहकाऱ्यांचा यावरचा प्रयोग 2025 साली 'द लॅन्सेट र्‍ह्युमॅटॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आतल्या बाजूची झीज असलेले 68 जण त्यात होते. प्रत्येकाला बल मोजणाऱ्या ट्रेडमिलवर चालवून पाऊल 5 किंवा 10 अंश आत अथवा बाहेर वळवल्यावर भार कसा बदलतो ते पाहिलं. निम्म्यांना स्वतःचा सर्वांत फायद्याचा कोन शिकवला. उरलेल्यांना त्यांचा नेहमीचाच कोन दिला, पण सराव तसाच करून घेतला. शिकवणीची सहा आठवड्यांत सहा सत्रं झाली. नडगीवर बांधलेलं यंत्र थरथरून चूक दाखवायचं. वर्षभराने पहिल्या गटाचं दुखणं जास्त कमी झालं होतं आणि एमआरआयमध्ये कूर्चेचा, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीचा ऱ्हासही सावकाश दिसला.

या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे कोन माणसागणिक वेगळा निघाला. कुणाला पाऊल आत वळवून आराम पडतो, कुणाला बाहेर. शेजाऱ्याला ज्याने बरं वाटलं त्याच वळणाने आपला भार वाढूही शकतो. म्हणून ही तपासणी झाल्याशिवाय मनाने पाऊल वळवू नये.

आपला कोन किती आहे, एवढं मात्र घरीही पाहता येतं. तळवे ओले करून ओट्याच्या कोरड्या फरशीवर, फरशीच्या सांध्याला समांतर, नेहमीसारखं आठ-दहा पावलं चाला. खाली बघत चाललात तर चाल बदलते, म्हणून नजर समोर. मधल्या ठशांत टाचेच्या मध्यापासून अंगठ्याशेजारच्या बोटापर्यंत खडूने रेघ ओढा आणि ती फरशीच्या सांध्याच्या रेषेशी किती अंशांनी फाकते ते कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजा. बहुतेकांचं पाऊल थोडं बाहेर वळलेलं असतं. दोन पायांत मोठा फरक दिसला तर ती नोंद फिजिओथेरपिस्टला दाखवा.

काठीला मात्र प्रयोगशाळा लागत नाही, तरी ती हमखास चुकीच्या हातात दिसते. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी. काठी आणि दुखरा पाय बरोबर पुढे टाकायचे आणि काठीवर खरंच थोडा भार द्यायचा. नुसती टेकवत चाललं तर उपयोग नाही. चपला घालून ताठ उभं राहून हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी आली की उंची बरोबर. जास्त उंच काठीने खांदा वर ओढला जातो, बुटकीने कंबर वाकते. खालचं रबर झिजून गुळगुळीत झालं की ओल्या फरशीवर काठी सटकते. ते लगेच बदला. जिन्यावर चढताना धडका पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.