‘ते वेगळं, हे वेगळं’: गोव्यातील बोलण्याच्या स्वातंत्र्याची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२३ मध्ये वास्को पोलिसांनी चिखलीचे फादर बोलमॅक्स परेरा यांच्यावर गुन्हा नोंदवला. शिवाजी महाराज राष्ट्रपुरुष आहेत, देव नव्हेत, अशा आशयाचं ते प्रवचनात बोलले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये डिचोली पोलिसांनी सुभाष वेलिंगकर यांच्यावर गुन्हा नोंदवला. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांची डीएनए चाचणी करा, असं ते म्हणाले होते. पहिल्या वेळी शिवप्रेमी चिडले, दुसऱ्या वेळी मडगावात कॅथलिक समाजाने रस्ते अडवले. दोन्हीकडे आरोप धार्मिक भावना दुखावल्याचा, आणि दोन्हीकडे मागणी अटकेचीच होती.

फोंड्याच्या बाजूचे एक निवृत्त मास्तर माझ्या ओळखीचे आहेत. पहिल्या प्रकरणात त्यांनी व्हॉट्सॲपवर ‘आत टाका’ लिहिलं, दुसऱ्यात ‘प्रश्न विचारणं गुन्हा कधीपासून झाला?’ सासष्टीतल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं नेमकं उलट. दोघेही वाचणारे, विचार करणारे. विसंगती दाखवली की दोघांचं उत्तर मात्र एकच: ‘ते वेगळं, हे वेगळं.’

हे ‘वेगळं’ मोबाईलमुळे आलं असं मानण्यात अर्थ नाही. गोव्यात छापील शब्द आणि गटबाजी यांचं नातं दोनशे वर्षांचं आहे.

भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला, पण पहिलं वर्तमानपत्र निघायला डिसेंबर १८२१ उजाडला. १८२० मध्ये पोर्तुगालमध्ये उदारमतवाद्यांनी क्रांती केली, तिची लाट इथवर पोचली आणि ‘गॅझेता द गोवा’ सुरू झालं. तिकडे वारं फिरलं, आणि १८२६ मध्ये ते बंद पडलं. छापण्याची मुभा होती ती लिस्बनमधल्या एका पक्षाची कृपा म्हणून, आणि पक्ष पडला तशी तीही गेली. गोव्यातल्या पत्रकारितेचा पायाच असा घातला गेला.

पुढे खासगी पत्रं आली तीही गट बांधूनच. १८५९ मध्ये मडगावहून ‘उल्त्रामार’, १८६१ मध्ये ओर्लीहून ‘इंदिया पोर्तुगेझा’. पहिल्यामागे कॅथलिक ब्राह्मणांचा गट, दुसऱ्यामागे चार्दोंचा, म्हणजे कॅथलिकांमधल्याच दुसऱ्या वरच्या जातीचा. पुढे याच दोन नावांनी पक्ष ओळखले गेले. कुठल्या पक्षाचा माणूस हे त्याच्या घरी कुठलं पत्र येतं यावरून कळे, असं म्हणायला हरकत नाही. आणि हे भांडण कागदावरच राहिलं नाही. २१ सप्टेंबर १८९० रोजी निवडणुकीच्या गोंधळात मडगावात सैन्याने गोळीबार केला, माणसं मेली. चार-पाच वर्षांनी ‘ब्रादो इंदियानो’ चालवणारे पाद्री आंतोनियो आल्वारिस यांना सरकारवरच्या टीकेपायी अटक झाली. ते चर्चपासून फुटलेले, म्हणून त्यांची बाजू घ्यायला चर्चला मानणारे पुढे येण्याची शक्यता तशीही कमी होती.

१९१० मध्ये पोर्तुगाल प्रजासत्ताक झालं आणि हिंदूंना नागरिक म्हणून बरोबरीचं स्थान मिळालं. मराठी वाचकाच्या दृष्टीने हा काळ महत्त्वाचा. १९१२ मध्ये केप्याहून गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी ‘भारत’ काढलं. चांदरच्या लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी ‘ओ देबाते’ आणि नंतर ‘प्रकाश’ काढलं. दीड दशक बऱ्यापैकी मोकळं गेलं. मग १९२६ चं लष्करी बंड आणि पाठोपाठ हुकूमशहा सालाझार. १९३० च्या वसाहत कायद्याविरुद्ध मिनेझिस ब्रागांझा यांनी विधिमंडळात ठराव मांडला. त्यानंतरची तीन दशकं सेन्सॉरची. अंकावर ‘व्हिझादु पेला सेंसुरा’, म्हणजे सेन्सॉरने पाहिलं, असा शेरा येई. लग्नाची आमंत्रणपत्रिकासुद्धा आधी दाखवावी लागे. ज्यांच्या घरी पन्नासच्या दशकातली पत्रिका जपलेली आहे त्यांनी ती एकदा उलटीपालटी करून पाहावी.

१८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले ते याच बंदीविरुद्ध. गोव्यात तो क्रांतिदिन. सभा घेण्याचा आणि बोलण्याचा हक्क ही त्या दिवसाची मूळ मागणी होती, हे भाषणांच्या गर्दीत आता विसरलं जातं. स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालमधल्या पेनिश किल्ल्यात पाठवलं. १९५४ च्या फेब्रुवारीत एका मेजवानीत वक्त्याने गोवा हा पोर्तुगालच आहे असा सूर लावला, तेव्हा म्हापशाचे डॉक्टर पुंडलिक गायतोंडे एवढंच म्हणाले, ‘मी निषेध करतो.’ दोन-तीन शब्द. त्यासाठी त्यांना अटक करून पोर्तुगालला नेण्यात आलं.

इथे थोडं सीमेपलीकडे जाऊ, कारण १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर इथे जो कायदा आला तो तिकडे घडला होता. २६ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. एक ‘क्रॉसरोड्स’ या डाव्या साप्ताहिकाचा, मद्रास सरकारने त्याच्यावर बंदी घातली होती. दुसरा ‘ऑर्गनायझर’चा, दिल्लीच्या प्रशासनाने त्याच्यावर पूर्वतपासणी लादली होती. एक डावं, एक संघाच्या विचाराचं, आणि दोन्ही जिंकली. नेहरूंच्या सरकारला हे रुचलं नाही. वर्षभरात पहिली घटनादुरुस्ती आली आणि सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्री, गुन्ह्याला चिथावणी ही कारणं बोलण्यावरच्या बंधनांत घातली गेली. संसदेत तिच्याविरुद्ध सर्वांत कडाडून बोलले ते श्यामाप्रसाद मुखर्जी. त्यांचा वारसा सांगणारे पुढे दिल्लीत अनेक वर्षं सत्तेत आले, स्वतःच्या बहुमताने आले. ती दुरुस्ती मागे घ्यावी असं त्यांना वाटलं नाही. आणि नेहरूंचे वारस विरोधात बसले की त्याच बंधनांविरुद्ध घोषणा देतात. मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका भाग हाच वाटतो. एका दिवशी दोन टोकांना सारखाच न्याय मिळाला होता, आणि ते दोघांपैकी कुणालाच फार काळ सोयीचं राहिलं नाही.

धार्मिक भावनांचं २९५अ हे कलम त्याहून जुनं, १९२७ चं, लाहोरच्या एका पुस्तकावरून झालेल्या वादातून जन्मलेलं. त्या विधेयकाच्या समितीत असलेल्या जिनांनी प्रामाणिक धर्मचिकित्सा यात सापडू नये असा इशारा दिला होता. गोवा तेव्हा पोर्तुगालकडे, त्यामुळे हे कलम आपल्याकडे मुक्तीनंतर, भारतीय दंडसंहितेच्या बरोबरीने आलं. सेन्सॉर गेला आणि हे आलं.

मुक्तीनंतरचा गोवा पुन्हा वर्तमानपत्रांच्या दोन तटांत उभा राहिला. २४ मार्च १९६२ ला चौगुल्यांनी ‘गोमन्तक’ काढला, बा. द. सातोस्कर संपादक. १९६३ मध्ये धेंप्यांचा ‘नवहिंद टाइम्स’, आणि मडगावहून ‘राष्ट्रमत’. दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष महाराष्ट्रात विलीनीकरण मागत होता, जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स विरोधात होता. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने. ‘राष्ट्रमत’ मराठीतून निघे आणि विलीनीकरणाला विरोध करी. आजच्या तरुणाला हे सांगितलं की तो दोनदा विचारतो. मराठी वाचणाऱ्यालाच पटवायचं तर मराठीतच लिहायला हवं, हे त्या मंडळींना बरोबर कळलं होतं. उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर बांदोडकरांवर दररोज सुटे. निष्पक्ष मतदान व्हावं म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकरांचं सरकार पायउतार झालं आणि १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मतं पडली. फरक ३४,०२१.

जुने लोक सांगतात की त्या दिवसांत एका घरातल्या दोन भावांनी दोन पेपर घेतले. खरं-खोटं सोडा, पण त्या काळात शत्रूचा पेपरसुद्धा वाचला जाई, उत्तर द्यायचं म्हणून का होईना. बांदोडकरांना झोडणारं सदर आणि त्यांची बाजू घेणारा अग्रलेख एकाच चहाच्या टेबलावर पडलेले असत. पक्षपात होता, भरपूर होता. पण समोरच्याचं तोंड बंद करा, ही मागणी मतपेटीच्या मानाने मागे होती.

तो तोल पुढच्या वादात ढळला. १९८५ ते ८७ च्या राजभाषा आंदोलनात मराठी आणि कोंकणी अशी उभी फूट पडली. १९८३ मध्ये पोर्तुगीज सोडून इंग्रजी झालेला ‘हेराल्ड’ कोंकणीच्या बाजूने गेला, मराठी पत्रं दुसऱ्या. डिसेंबर १९८६ मध्ये आंदोलनात सात जणांचा जीव गेला. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला, ३० मे रोजी गोवा राज्य झालं. त्या काळात आपल्या बाजूच्या अतिरेकी वाक्याला ‘आवेश’ आणि समोरच्याच्या वाक्याला ‘चिथावणी’ म्हणायची सवय लागली. ती अजून सुटलेली नाही, आणि इथे मी मराठीवाल्यांनाही वगळत नाही.

मग सिनेमे. २००६ मध्ये ‘द दा विंची कोड’ गोव्यात दाखवू दिला नाही. सत्ता काँग्रेसची, हरकत ख्रिस्ती संघटनांची. २००८ मध्ये पणजीच्या इफ्फीतून, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातून, एम. एफ. हुसेन यांचा १९६७ चा लघुपट, बर्लिनला सुवर्ण अस्वल मिळवलेला, हिंदू संघटनांच्या हरकतीनंतर काढला गेला. तेव्हाही राज्यात आणि केंद्रात काँग्रेसच. २०१७ मध्ये रवी जाधव यांचा ‘न्यूड’ आणि मल्याळम ‘एस दुर्गा’ हे परीक्षकांनी निवडलेले चित्रपट केंद्रीय मंत्रालयाने इफ्फीच्या भारतीय पॅनोरमा विभागातून वगळले, परीक्षक मंडळाचे प्रमुख सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. आता सत्ता भाजपची. पहिल्या दोन वेळी गप्प बसलेले तिसऱ्या वेळी मेणबत्त्या घेऊन आले, आणि पहिल्या वेळी ‘अल्पसंख्याकांचं लांगूलचालन’ म्हणणाऱ्यांना तिसऱ्या वेळी ‘संस्कृती’ आठवली.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, ती जास्त घरातली. विष्णू सूर्या वाघ यांचा ‘सुदीरसूक्त’ हा कोंकणी कवितासंग्रह २०१३ मध्ये आला होता. सुदीर म्हणजे शूद्र. वरच्या जातींवर त्यात आसूड आहेत, शिव्याही आहेत. कोंकणी अकादमीच्या पुरस्कारासाठी त्याची निवड झाल्याची बातमी फुटली, पुरस्कारच रद्द झाले, आणि मग अश्लीलता व जातीय तेढीच्या आरोपावरून कवी आणि प्रकाशिकेवर गुन्हा नोंदला गेला. वाघ हे भाजपचे माजी आमदार, विधानसभेचे उपसभापती राहिलेले. गुन्हा नोंदला तेव्हा ते गंभीर आजारी होते, स्वतःची बाजू मांडण्याच्या स्थितीतच नव्हते. पक्षाच्या माणसाने सरकारची अडचण नको म्हणून बोलायचं नाही, विरोधकांनी तो भाजपचा म्हणून बोलायचं नाही. लेखकांतही जातीच्या रेषेवरून दोन तट पडले. त्यांच्या बाजूने जे उभे राहिले ते थोडे होते. ८ फेब्रुवारी २०१९ ला वाघ गेले, तेव्हा श्रद्धांजलीत सगळे होते.

समाजमाध्यमांचं प्रकरणही असंच. मार्च २०१४ मध्ये जहाजबांधणी क्षेत्रात काम करणाऱ्या एका गोमंतकीयाने नरेंद्र मोदींविरुद्ध फेसबुकवर लिहिलं. त्याच्यावर जी कलमं लागली त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं, म्हणजे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर गुन्हा ठरवणारं कलम. राज्यात भाजप सरकार, म्हणून काँग्रेसवाल्यांनी गळा काढला. पण ६६अ डिसेंबर २००८ मध्ये काँग्रेसच्याच सरकारने आणलं होतं आणि लोकसभेत ते चर्चेविना, गोंधळात मंजूर झालं होतं. विरोधी बाकांनीही ते अडवलं नाही. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. त्या माणसाने तोवर माफी मागून झाली होती.

२८ नोव्हेंबर २०२२ ला इफ्फीच्या समारोपात परीक्षक मंडळाचे अध्यक्ष, इस्रायली दिग्दर्शक नदाव लापिद यांनी ‘द काश्मीर फाइल्स’ला प्रचारपट म्हटलं. दुसऱ्या दिवशीपासून पाहुण्याने यजमानाच्या घरात काय बोलावं यावर चर्चा. हे सगळं ज्या ताळगावच्या स्टेडियममध्ये घडलं त्याचं नाव आहे डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी इनडोअर स्टेडियम. १९५१ मध्ये संसदेत ते काय बोलले होते, याची आठवण त्या रात्री व्यासपीठावरच्या कुणाला झाली असेल असं वाटत नाही.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली. इंग्रजांचे कायदे संपले, असा बराच गाजावाजा झाला. २९५अ मात्र गेलं नाही, त्याचं २९९ झालं. तीन महिन्यांत डिचोलीत ते सुभाष वेलिंगकरांवर लागलं, म्हणजे २०१६ पर्यंत जे संघाचे गोव्यातले प्रमुख होते त्यांच्यावर, त्यांच्याच विचारकुळातल्या सरकारने जपून ठेवलेलं कलम, त्याच कुळातल्या राज्य सरकारच्या पोलिसांकडून. आणि चौदा महिन्यांपूर्वी फादर बोलमॅक्स यांच्यासाठी हेच कलम जुलमी ठरवणारे बरेच जण त्या दिवशी मडगावच्या रस्त्यावर ते लावा म्हणून बसले होते.