पार्श्वभूमी : जनावरांचे गुंगीचे औषध गर्दमध्ये शिरले कसे

फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यातील कोरम मॉलच्या परिसरात बिबट्या शिरला आणि काही तासांनी वनविभागाच्या पथकाने जवळच्या हॉटेलच्या तळघरातून त्याला बेशुद्ध करून उचलले. बिबट्याला असे निजवण्यासाठी आपल्याकडे बहुधा केटामाइन आणि झायलाझिन एकत्र देतात. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीपासून घोड्यांवरील उपचारांपर्यंत झायलाझिन पशुवैद्यांच्या रोजच्या वापरातले आहे. ते मुळात उपयोगी औषध आहे, हे आधीच सांगायला हवे.

जर्मनीच्या बायर कंपनीने १९६२ मध्ये ते तयार केले, तेव्हा माणसांचा रक्तदाब कमी करण्यासाठी ते उपयोगी पडेल अशी आशा होती. चाचण्यांत मात्र रक्तदाब नको इतका उतरू लागला, नाडी मंदावली, रुग्णांना ग्लानी आली, आणि तो विचार सोडावा लागला. १९७२ मध्ये अमेरिकेत ते केवळ जनावरांसाठी मंजूर झाले. जनावराजनावरांतही त्याचा परिणाम सारखा नसतो : घोड्याला लागणाऱ्या मात्रेच्या साधारण दहाव्या हिश्श्यात गाय आडवी होते.

नशेच्या बाजारात त्याचा बोभाटा प्रथम झाला तो पोर्तो रिकोमध्ये, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. तिथे हेरॉइनमध्ये मिसळलेल्या या औषधाला लोक ‘घोड्याची भूल’ म्हणत. पुढे ते फिलाडेल्फियात दिसू लागले आणि फेंटानिल या अफूसारखी नशा देणाऱ्या कृत्रिम औषधाचा जोर वाढला तसे अमेरिकाभर पसरले. फेंटानिलची नशा लवकर उतरते, झायलाझिनने ती लांबल्यासारखी वाटते. शिवाय ते स्वस्त आणि मागवायला सोपे. अमेरिकी अमलीपदार्थविरोधी यंत्रणेच्या म्हणण्यानुसार २०२२ मध्ये जप्त झालेल्या फेंटानिलच्या भुकटीपैकी सुमारे २३ टक्क्यांत आणि गोळ्यांपैकी ७ टक्क्यांत झायलाझिन होते. एप्रिल २०२३ मध्ये व्हाइट हाउसने या मिश्रणाला ‘उदयोन्मुख धोका’ जाहीर केले.

धोका दुहेरी आहे. अफूजन्य पदार्थाच्या अतिसेवनाने श्वास मंदावलेल्या माणसाला नालॉक्सोन दिले की श्वास परत येतो. झायलाझिनवर मात्र नालॉक्सोनचा परिणाम होत नाही. म्हणून नालॉक्सोन द्यायचेच, पण रुग्ण डोळे उघडत नाही म्हणून डोसावर डोस देत न बसता श्वास चालू आहे की नाही याकडे लक्ष ठेवायचे आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वास द्यायचा. जनावरांना शुद्धीवर आणण्यासाठी पशुवैद्य योहिम्बिन वापरतात, माणसांसाठी मात्र असा मान्यताप्राप्त उतारा नाही. दुसरा धोका जखमांचा. नडगीवर, हातावर, कधी सुई टोचलेलीच नाही अशा ठिकाणीही कातडी काळी पडते, खाली मांस सडते आणि वेळीच मलमपट्टी झाली नाही तर हाड उघडे पडते. ज्यांना आपण ‘गर्दुल्ले’ म्हणून हिणवतो, ती माणसे अशी जखम घेऊन दवाखान्याची पायरी चढायला कचरतात, हे मला या साऱ्यातले सर्वांत वाईट वाटते.

पेनसिल्वेनियाने २०२३ मध्ये झायलाझिनवर निर्बंध आणले आणि पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात त्याची जागा मेडेटोमिडिन हे पशुवैद्यकातलेच, अधिक तीव्र औषध घेऊ लागले. मेडेटोमिडिनचे सेवन थांबले की रक्तदाब भडकतो, थरकाप आणि उलट्या होतात, कित्येकांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागते. एका नावाला कुलूप लावून भागत नाही, ते यावरून दिसते. आपल्याकडे केटामाइन २०११ मध्ये एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आले, पण पशुवैद्यकीय गुंगीची औषधे तेवढ्यावर संपत नाहीत.

ठाणे-नवी मुंबईकरांना हा विषय दूरचा वाटू नये. न्हावा-शेवा बंदरात जुलै २०२१ मध्ये जवळपास ३०० किलो हेरॉइन पकडले गेले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ज्येष्ठमधाच्या कंटेनरमधूनही मोठा साठा निघाला. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, शिक्षा ठरवताना शुद्ध अमली पदार्थाचे नव्हे तर भेसळीसह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे, असा निकाल दिला. त्यामुळे भेसळीत नेमके काय होते हे शोधण्याची खटल्याला फारशी निकड उरत नाही. रात्री बेशुद्ध रुग्ण समोर आलेल्या आकस्मिक विभागातल्या डॉक्टरला मात्र तेच माहीत असावे लागते. जप्त मालाच्या तपासणीत ही औषधे शोधली जावीत आणि निष्कर्ष रुग्णालयांपर्यंत पोहोचावेत, एवढे तरी आताच व्हायला हवे.