नौकायुद्ध : माणसाविरुद्धच्या डावातील बचाव

नौकायुद्ध हा दोघांनी खेळायचा कागद-पेन्सिलीचा खेळ. दहा उभ्या आणि दहा आडव्या ओळींच्या शंभर घरांत प्रत्येकाने आपल्या नौका लपवायच्या आणि आळीपाळीने एकेक घर पुकारून समोरच्याच्या बुडवायच्या. अमेरिकेत १९३१ मध्ये या खेळाचे छापील कागद ‘साल्व्हो’ नावाने विकले गेले. १९६७ मध्ये मिल्टन ब्रॅडली कंपनीने ‘बॅटलशिप’ हा खुंट्यांचा प्लास्टिक संच काढला आणि इंग्रजीत हेच नाव रुळले. पोर्तुगीज भाषेत खेळाला ‘बाताल्या नावाल’ म्हणतात आणि फुकट गेलेल्या नेमाला ‘आग्वा’, म्हणजे पाणी. मराठीत खेळतानाही ‘पाणी’, ‘लागली’, ‘बुडाली’ एवढे तीन शब्द पुरतात. संचातल्या पाच नौका अनुक्रमे ५, ४, ३, ३ आणि २ घरांच्या असतात. म्हणजे शंभरातली १७ घरे भरलेली, ८३ घरे पाणी.

बचाव हा या खेळाचा दुर्लक्षित भाग आहे. बहुतेक जण नेम कसा धरावा याचाच विचार करतात आणि नौका मात्र अर्ध्या मिनिटात कुठेतरी आखून मोकळे होतात. गोव्यातल्या माणसाला बंदराचा बचाव म्हटले की मांडवीचे मुख आठवते. उत्तरेला आग्वादचा किल्ला (१६१२), आत रेइश मागुशचा, दक्षिणेला काबोचा. शत्रूची गलबते त्या एकाच तोंडातून येणार म्हणून तोफा तिथे रोखता आल्या. नौकायुद्धात असे तोंडच नाही. समोरच्याचा नेम कोणत्याही घरावर पडू शकतो, आपली नौका हलत नाही आणि उलट मारा करून त्याचा नेम चुकवता येत नाही. १८ डिसेंबर १९६१ रोजी मुरगावच्या बंदरात नांगरलेल्या ‘अफोंसो द अल्बुकर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेला भारतीय नौदलाच्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ यांनी गाठले. नांगर उचलून तिला निदान हलता आले आणि अखेर बांबोळीच्या बाजूला किनाऱ्यावर चढवता आले. कागदावरच्या नौकेला तेवढीही मोकळीक नसते. पहिला नेम पडण्याआधीच बचाव पुरा झालेला असतो, आणि तो सगळा समोरच्याच्या अज्ञानावर उभा असतो.

हे अज्ञान मोजता येते. पाच घरांची नौका रिकाम्या पटावर १२० प्रकारे बसते. त्यांपैकी कोपऱ्याचे घर फक्त २ प्रकारांत झाकले जाते, मधल्या चार घरांपैकी प्रत्येक १० प्रकारांत. चार घरांच्या नौकेचे १४० प्रकार, कोपरा २, मध्य ८. दोन घरांच्या नौकेचे १८० प्रकार, कोपरा २, मध्य ४. म्हणजे नौका जितकी लांब तितका पटाचा मध्य तिला धोक्याचा, आणि जाणता खेळाडू पहिले नेम तिथेच टाकतो. म्हणून ५ आणि ४ घरांच्या नौका मध्यावरून जाऊ देऊ नयेत. मात्र यावरून सगळ्याच नौका कडेला लावणे ही त्याहून मोठी चूक. कडेची घरे एकूण ३६. सगळी १७ घरे तिथे कोंबली तर समोरच्याला हे उमगताच त्याचा जवळजवळ प्रत्येक दुसरा नेम लागतो. कडेला दोन नौका पुरे. उरलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत आणि एखादी आतल्या भागात ठेवावी.

सर्वांत जपायची नौका म्हणजे सर्वांत लहान. पटावर बुद्धिबळासारखी काळी-पांढरी घरे कल्पिली तर दोन किंवा अधिक घरांची प्रत्येक नौका एक तरी काळे घर झाकतेच. त्यामुळे शोध घेणाऱ्याला १०० ऐवजी ५० घरे पुरतात. दोन घरांची नौका बुडाली की त्याला प्रत्येक तिसऱ्या तिरप्या ओळीवर नेम टाकता येतो आणि ३३ किंवा ३४ घरांत काम भागते. तीन घरांच्या दोन्ही बुडाल्या तर २४ ते २६ घरे पुरतात, आणि पाच घरांची एकटीच उरली तर २०. ती छोटी नौका जिवंत आहे तोवर समोरच्याला जाळे बारीकच विणावे लागते. ती आठ-दहा नेमांत गेली तर बाकी चौघींचा बचावही सैल पडतो. पुष्कळ जण ती ‘उरलेल्या जागेत’ शेवटी टाकतात, हे चूक. आधी तिची जागा ठरवावी, मग इतरांची.

तिला कुठे ठेवावे, याचे एक उत्तर समोरच्याच्या पाठलागाच्या सवयीत आहे. नौका लागली की तो त्या घराच्या चार बाजू तपासतो, दिशा कळली की रेषेत पुढे-मागे जातो आणि दोन्ही टोकांना पाणी मिळेपर्यंत किंवा ‘बुडाली’ ऐकू येईपर्यंत थांबत नाही. टोकाला तिरपे असलेले घर या पाठलागात तपासलेच जात नाही. उभ्या ओळींना क, ख, ग, घ, च, छ, ज, झ, ट, ठ आणि आडव्यांना १ ते १० असे धरू. मोठी नौका ग४ ते ज४ अशी आडवी असेल तर झ५–झ६ अशी उभी छोटी नौका तिला फक्त कोपऱ्याने शिवते. समोरचा झ४ वर पाणी मिळवतो, मोठी बुडवतो आणि हा भाग झाला असे समजून दूर जातो. ही युक्ती एका डावापुरतीच. दुसऱ्यांदा केली तर तो बरोबर तिथेच पाहील.

नौका बाजूला बाजू लावून चिकटवाव्यात का, याचे उत्तर नियमावर अवलंबून आहे. लागलेल्या नौकेचे नाव सांगायचे असेल तर चिकटवण्याने काही साधत नाही, नुकसान मात्र होते : एकीचा पाठलाग करताना दुसरी आयती सापडते. नाव न सांगता फक्त ‘लागली’ म्हणायचे असेल तर तीन घरांच्या दोन समांतर नौका मिळून सहा घरांचा ठोकळा होतो आणि त्या आडव्या की उभ्या हे समोरच्याला कळत नाही. गाफील खेळाडू ‘बुडाली’ ऐकून निघून जातो आणि एक लागलेले घर हिशेबाबाहेर राहते. पण लागलेल्या घरांची बेरीज ठेवणारा यात फसत नाही. एका डावात चिकटलेली जोडी एकच असावी, तीत सर्वांत लहान नौका नसावी.

इथपर्यंतचे सगळे यंत्राविरुद्धही चालेल. माणूस समोर असला की प्रश्न बदलतो, कारण तो लक्षात ठेवतो. तिसऱ्या डावात तो तुमच्या पहिल्या दोन मांडण्यांवर खेळत असतो. डोक्यातून ‘अशीच कुठेतरी’ आखलेली मांडणी यादृच्छिक नसते. माणसाचा हात नौका एकमेकींपासून दूर ठेवतो, आडव्या-उभ्यांचा समतोल साधतो आणि मागच्या डावातली जागा कटाक्षाने टाळतो. टाळणे हीसुद्धा खूणच. यावर उपाय चिठ्ठ्यांचा. दहा अक्षरांच्या आणि दहा आकड्यांच्या चिठ्ठ्या दोन वाट्यांत घ्याव्यात. प्रत्येक वाटीतून एकेक उचलून पहिले घर ठरवावे. नाणे उडवावे. छाप पडला तर नौका उजवीकडे आडवी, काटा पडला तर खाली उभी. पटाबाहेर गेली किंवा दुसरीवर चढली तर चिठ्ठ्या परत टाकून पुन्हा उचलाव्यात. वर सांगितलेल्या गोष्टींपैकी कुठल्या मोडल्या तर मांडणी रद्द करायची, हे आधी ठरवावे. मांडणी पाहून ‘ही बरी वाटत नाही’ म्हणून बदलली की सवय मागच्या दाराने परत आली. डावांची मालिका असेल तर अशा सहा मांडण्या घरीच तयार ठेवाव्यात आणि प्रत्येक वेळी फासा टाकून एक निवडावी.

मांडणी चांगली असूनही ती उघडी पडते ती बहुधा हाताने किंवा चेहऱ्याने. समोर बसून नौका आखल्या तर पेन्सिलीची हालचाल दिसते. पाच घरे सलग भरताना हात किती सरकला, कोणत्या दिशेने, हे पाहणाऱ्याला कळते. म्हणून पाठमोरे होऊन आखावे. वहीवर जोरात लिहिले की पुढच्या पानावर वळ उठतो. पुढचा डाव त्याच पानावर खेळला तर जुनी मांडणी तिरप्या उजेडात वाचता येते. गोव्याच्या जून-जुलैत, मासेमारी बंद आणि होड्या किनाऱ्यावर, हा खेळ घराघरांत चांगला रंगू शकतो, पण त्या दमट हवेत जेल पेनाची शाई पसरते आणि कोणते घर भरले हे आपल्यालाच कळेनासे होते. पेन्सिलच बरी. पुकारलेले घर ऐकल्यावर उत्तर नेहमी सारख्याच वेळाने द्यावे. जवळून गेलेल्या नेमाला घाईने ‘पाणी’ म्हटले तर कान देऊन बसलेल्याला ते पुरते. फोनवर खेळताना ख आणि घ, ट आणि ठ यांची गल्लत होते. ऐकलेले घर उलट म्हणून मगच उत्तर द्यावे, कारण एक चुकीचे ‘पाणी’ म्हणजे डाव रद्द.

समोरच्याचे नेम फुल्यांनी न खुणावता १, २, ३ असे क्रमांकाने लिहावेत. वाद मिटतो, आणि त्याहून मोठा लाभ म्हणजे त्याचे पहिले दहा नेम कुठे पडतात हे दिसते. दोन-तीन डावांत त्याची वाट उमटते : मध्यातून तिरपा, डावीकडून ओळीने, किंवा मागच्या वेळी जिथे लागली तिथूनच. पुढच्या मांडणीत लहान नौका त्या वाटेच्या शेवटाकडे असावी.

रशियात रूढ असलेल्या प्रकारात चार घरांची १, तीनच्या २, दोनच्या ३ आणि एकेका घराच्या ४ नौका असतात, एकूण २० घरे. कोणतीही नौका दुसरीला कोपऱ्यानेही शिवता कामा नये. त्यामुळे नौका बुडाली की तिच्याभोवतीची सगळी घरे समोरच्याला फुकट मिळतात. चार घरांची नौका आतल्या भागात असेल तर १४, कडेला ८, कोपऱ्यात ६. म्हणून इथे मोठ्या नौका कडेला दाटीने लावाव्यात : क ओळीत ४, २, २ आणि ग ओळीत ३, ३, २, मध्ये एकेक घर सोडून. ख आणि घ ओळी मोकळ्या गेल्या तरी च ते ठ अशी ६० घरे एकेरी नौकांसाठी उरतात. त्या चारही शोधायला आंधळ्या नेमांनी सरासरी ४९ फेऱ्या लागतात. ही मांडणी ओळखीची आहे, म्हणून तिची बाजू आणि क्रम प्रत्येक डावात बदलावा.

‘साल्व्हो’ पद्धतीत ज्याच्या जितक्या नौका तरंगत असतील तितके नेम त्याला एका फेरीत मिळतात. पाच घरांची असो वा दोन घरांची, प्रत्येक नौकेचा नेम एकच. त्यामुळे दोन घरांची नौका गेली तर केवळ दोन फटक्यांत आपला पाचवा हिस्सा मारा संपतो. समोरचा एकाच फेरीत लागलेल्या घराच्या चारही बाजू तपासू शकतो, म्हणून या पद्धतीत चिकटलेली जोडी ठेवूच नये, तिरपीसुद्धा नाही. दोन नौकांमध्ये निदान दोन घरे पाणी असावे.