कंबर कोण आवळतं: पोलाद की कापड?

कॉर्सेट म्हणजे कंबर आवळून तिला आकार देणारा घट्ट पोशाख. त्यातही पोलादी पट्ट्यांचं कॉर्सेट म्हटलं की डोळ्यांपुढे पिंजरा येतो. पोलाद कमरेला चारी बाजूंनी दाबतंय आणि आतला माणूस गुदमरतोय, असं काहीसं. पण कॉर्सेटमधल्या पट्ट्या कमरेभोवती गुंडाळलेल्या नसतातच. त्या वरून खाली, उभ्या असतात. कंबर आवळण्याचं काम कापड आणि पाठीमागची नाडी करते. हे एकदा लक्षात आलं की कॉर्सेटचा प्रत्येक प्रकार नीट उलगडतो, म्हणून मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

लाकडी पिंप आठवा. उभ्या फळ्या आणि त्यांना बाहेरून घट्ट धरणारी लोखंडी कडी. कॉर्सेटमध्ये रचना तीच, सामान मात्र उलटं: फळ्यांच्या जागी पोलाद आणि कड्याच्या जागी कापड. मग पोलाद हवं तरी कशाला? नुसता कापडी पट्टा कमरेला करकचून बांधला, तर तो सर्वांत अरुंद जागेकडे सरकतो, चुणत जातो आणि शेवटी दोरीसारखा रुततो. उभी पट्टी कापडाला चुणू देत नाही, त्यामुळे तोच ताण रुंद जागेवर पसरतो.

पट्ट्या मुख्यतः दोन प्रकारच्या. सपाट पट्टी बोटांत धरून वाकवली तर पुढे-मागे लवते, पण कुशीला तसूभरही वळत नाही. दुसरी स्पायरल. चपट्या केलेल्या तारेची ही वेटोळी हातात घेतली तर पुढे-मागे आणि डावी-उजवीकडेही सहज वळतात. म्हणून कुशीच्या वळणदार शिवणींत स्पायरल घालतात आणि पाठीला, नाडीच्या काजांशेजारी, सपाट. पुढे असतो बस्क: दोन ताठ पोलादी पट्ट्या, एकीवर खुंट्या आणि दुसरीवर त्यांत अडकणाऱ्या कड्या. पोलाद येण्याआधी पट्ट्यांचं काम व्हेलबोन करत असे. नावात हाड असलं तरी ते हाड नव्हे. व्हेलच्या जबड्यातल्या त्या पट्ट्या केराटिनच्या, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात त्याच द्रव्याच्या. स्वस्त कॉर्सेटमधलं प्लास्टिक अंगाच्या उबेत आणि सततच्या ताणाखाली हळूहळू कायमचं वाकतं. पोलाद मर्यादेत वाकवलं तर पुन्हा सरळ होतं.

आता कापडाकडे. ते न ताणणारं, घट्ट विणीचं आणि जाड सुती लागतं. आकार येतो तो कळ्यांच्या, म्हणजे एकमेकांना जोडून शिवलेल्या उभ्या तुकड्यांच्या, बेतण्यातून. प्रत्येक कळी कमरेशी अरुंद आणि वर-खाली रुंद कापलेली असते.

माणसाची कंबर गोल नसते, लंबवर्तुळाकार असते: समोरून रुंद, बाजूनं चपटी. ताणलेल्या कापडाचा दाब जिथे वळण तीव्र तिथे जास्त पडतो आणि जिथे पृष्ठभाग सपाट तिथे कमी. वळण तीव्र असतं कुशींना, म्हणून त्याच आत जातात आणि कंबर गोल होत जाते. समजा, कंबर २८ सेंटिमीटर रुंद आणि १९ सेंटिमीटर खोल आहे. तिचा घेर सुमारे ७५ सेंटिमीटर भरतो. कॉर्सेटनं तो ६५ केला आणि कंबर पूर्ण गोल झाली, तर रुंदी राहते जेमतेम २१. घेर १३ टक्के घटला, पण समोरून दिसणारी रुंदी तब्बल २५ टक्के! नजरेला कंबर एवढी बारीक का वाटते, त्याचं मोठं कारण हे गोल होणं आहे. चरबी यात कणभरही जळत नाही. मऊ भाग वर-खाली सरकतो आणि कॉर्सेट काढल्यावर परत येतो.

कंबरेला आकार देण्यासाठी सर्वाधिक वापरलं जातं ते अंडरबस्ट, छातीखालून सुरू होणारं. ओव्हरबस्ट छातीही झाकतं, त्यामुळे त्याचं माप जुळवणं जास्त अवघड. सिंचर आखूड असतो. वाकायला-बसायला सोयीचा, पण सरकलेल्या मांसाला वर-खाली धरायला त्यात कापडच नसतं. लाँगलाइन नितंबांवरून खाली उतरतं. छायाकृतीतही फरक असतो. डमरूच्या आकाराचं कॉर्सेट बरगड्यांना मोकळं ठेवून थेट कमरेशी आत वळतं, तर शंकूच्या आकाराचं खालच्या बरगड्यांनाही आत घेतं. बरगड्यांच्या शेवटच्या दोन जोड्या पुढे कशालाच जोडलेल्या नसल्यामुळे त्या लवतात. बारीक कमरेसाठी एकोणिसाव्या शतकात बायका बरगड्या काढून घेत, ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते, पण तिला विश्वासार्ह पुरावा नाही.

सरळ पुढ्याच्या कॉर्सेटची कथा मला चटका लावते. पोटावरचा दाब कमी व्हावा म्हणून फ्रान्समधल्या डॉक्टर इनेस गाश-सारोत यांनी त्याचा पुरस्कार केला. १९०० च्या सुमारास फॅशननं ते उचललं, आणखी आवळलं आणि छाती पुढे, नितंब मागे असा इंग्रजी एस अक्षरासारखा बाक शरीराला दिला. तब्येतीसाठी केलेल्या बदलाचा भार शेवटी पाठीवर आला. १९०८ मध्ये लुडोविक ओ’फॉलोवेल या फ्रेंच डॉक्टरांनी कॉर्सेट घातलेल्या स्त्रियांचे एक्स-रे छापले, तेव्हा आतल्या बरगड्यांवर काय होतं ते प्रत्यक्ष दिसलं.

घट्ट आवळल्यावर श्वासपटलाला खाली उतरायला जागा कमी उरते, म्हणून श्वास छातीच्या वरच्या भागात चालतो. जठरावर दाब आला की आंबट पाणी घशाशी येतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या आल्या तर तिथली नस दबली आहे असं समजून नाडी लगेच सैल करावी. गरोदरपणात, हर्निया असताना किंवा दम्यात आवळण्याच्या वाटेला जाऊच नये.

माप बसलंय का, हे पाठीतली फट सांगते. काजांच्या दोन रांगांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी असावी. वर रुंद, खाली अरुंद असेल तर बरगड्यांशी कॉर्सेट तंग आहे. कमरेशी अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद असेल तर बरगड्या आणि नितंब दोन्हींना जागा अपुरी आहे. फट मध्येच फुगली असेल तर वर-खाली कापड जास्त झालंय, आणि तसंच घालत राहिलं तर काजांशेजारच्या सपाट पट्ट्या कुशीला पिळून कायमच्या वाकड्या होतात. तिथे नाडी आणखी ओढून काहीच साधत नाही, कळ्याच नव्यानं बेताव्या लागतात.