एडेलश्टाट, डेव्हिड

(९ मे १८६६–१७ ऑक्टोबर १८९२). यिडिश (पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा) कवी, संपादक आणि अमेरिकेतील ज्यू कामगार चळवळीतला अराज्यवादी (राज्यसंस्थाच नको मानणारा) कार्यकर्ता. जन्म रशियातील कलुगा येथे. ज्यूंना वस्तीची मुभा असलेल्या पश्चिमेकडील पट्ट्याबाहेरचे हे शहर. त्यामुळे तो रशियन बोलत वाढला आणि सुरुवातीच्या कविताही त्याने रशियनमध्येच लिहिल्या. १८८१ साली किएव्हमध्ये ज्यूंविरुद्ध उसळलेली दंगल त्याने पाहिली. पुढच्याच वर्षी ‘आम ओलाम’ या गटाबरोबर तो अमेरिकेस गेला. सामुदायिक शेतीवसाहती वसवण्याचे या गटाचे स्वप्न होते. एडेलश्टाटच्या वाट्याला मात्र सिनसिनाटीच्या शिवण-कारखान्यांत काजे करण्याचे काम आले.

त्याच्या विचारांना निर्णायक वळण दिले ते शिकागोच्या हेमार्केट प्रकरणाने. १८८६ मध्ये आठ तासांच्या कामासाठी चाललेल्या आंदोलनात तिथल्या सभेत पोलिसांवर बॉम्ब पडला आणि त्यासाठी अराज्यवाद्यांवर खटला चालला. १ मेच्या कामगार दिनामागे हाच लढा आहे. ११ नोव्हेंबर १८८७ रोजी चार अराज्यवाद्यांना फाशी झाली, तेव्हा एडेलश्टाट २१ वर्षांचा होता. या हुतात्म्यांवर त्याने पुढे अनेक कविता लिहिल्या. आपले श्रोते यिडिश बोलणारे शिंपी आणि इस्त्रीवाले आहेत हे ओळखून तो यिडिशकडे वळला. १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘फ्राये अर्बेतर श्तिमे’ या साप्ताहिकाचे संपादन त्याच्याकडे आले. पण क्षयाने गाठल्यामुळे ते त्याला फार काळ करता आले नाही.

मॉरिस विंचेव्हस्की, मॉरिस रोझेनफेल्ड आणि योसेफ बोव्शोव्हर यांच्याबरोबर त्याची गणना कारखान्यातील कष्टकऱ्यांच्या कवींमध्ये होते. रोझेनफेल्डची भाषेवरची पकड एडेलश्टाटकडे नाही. त्याची यिडिश मोजक्या शब्दांची, घोषणेकडे झुकणारी. छापील पानावर ती आज काहीशी उघडी वाटते. पण ती शेकडो गळ्यांतून एकत्र उमटण्यासाठीच लिहिलेली होती. ‘इन काम्फ’ (लढ्यात) या गीतात, गरीब जनतेवर प्रेम करतो म्हणूनच आमचा द्वेष आणि छळ होतो, असे कामगार सांगतात. ‘अर्बेतर फ्रोयेन’ (कामगार स्त्रिया) हे गीत घर आणि कारखाना दोन्हीकडे राबणाऱ्या स्त्रियांना चळवळीत बोलावते. त्या काळच्या पुरुषप्रधान कामगार-काव्यात ते वेगळे उठून दिसते. ‘माय्न त्सवोए’ (माझे मृत्युपत्र) मध्ये, आपल्या कबरीपाशी कामगाराच्या रक्ताने शिंपडलेला लाल झेंडा आणा, असे तो मित्राला विनवतो.

हवापालटासाठी तो डेन्व्हरला गेला आणि तिथेच वयाच्या २६ व्या वर्षी वारला. त्याची गीते मात्र उलट्या वाटेने रशियाच्या साम्राज्यात पोहोचली. ‘बुंद’ या ज्यू कामगार संघटनेच्या सभांत आणि संपांत ‘इन काम्फ’ गायले जाई.